इंजिन थांबल्यावरचा गंज

समुद्रात चालणाऱ्या बोटीचे इंजिन पाण्यामुळे गंजते ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे, कारण या गंजाच्या मुळाशी वीज असते. 1 किलो समुद्रजलात सरासरी 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि ते सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम अशा विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या, रूपात मोकळे फिरत असल्यामुळे खारे पाणी नळाच्या पाण्याच्या साधारण शंभरपट सहजतेने वीज वाहून नेते. अशा पाण्यात दोन निराळे धातू बुडाले आणि ते एकमेकांना कोठे तरी टेकलेले असले, की त्यांचा विद्युतघट तयार होतो. त्यांपैकी जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो विरघळू लागतो, त्याला ॲनोड म्हणतात. दुसऱ्याच्या पृष्ठभागावर पाण्यातला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि तो धातू, म्हणजे कॅथोड, सुरक्षित राहतो. पोलादाचा शाफ्ट, ब्राँझचा पंखा, पितळी झडपा, ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे आवरण एकत्र जोडलेले असताना त्यांतला कोणता तरी धातू झिजणार हे ठरलेलेच असते.

हा प्रकार इंजिने येण्याच्या कितीतरी आधी उघड झाला होता. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून तळ वाचवण्यासाठी ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ या फ्रिगेटला तांब्याचा पत्रा ठोकला आणि ती वेस्ट इंडीजकडे पाठवली. 1763 मध्ये तळ तपासला तेव्हा तांबे उत्तम स्थितीत होते, पण पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे बऱ्याच ठिकाणी खाऊन गेले होते. काही थोडे खिळे मात्र शाबूत होते, कारण पत्र्यासोबत आलेला तपकिरी कागद त्यांच्या आणि तांब्याच्या मध्ये अडकून राहिला होता. पातळशा कागदाने दोन धातूंमधला विजेचा मार्ग तोडला होता. व्होल्टाचा विद्युतघट जगासमोर यायला तेव्हा जवळपास चार दशके बाकी होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निरीक्षणाचे मोल कळते.

पुढची पायरी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये गाठली. दोन धातूंमधला मार्ग तोडण्याऐवजी मुद्दाम तिसरा, अधिक सहज झिजणारा धातू जोडला तर तो स्वतः झिजून बाकीच्यांना वाचवील, असे त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या भागाएवढे जस्त किंवा लोखंड तांब्याची झीज थांबवायला पुरते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. तांबे खरोखरच वाचले, पण तांबे विरघळत नाही म्हटल्यावर त्याचे विष पाण्यात उतरेना आणि तळावर शंख-शेवाळ माजले, त्यामुळे नौदलाने तो उपाय मागे घेतला. तत्त्व मात्र चुकीचे नव्हते. आज शाफ्टवर, सुकाणूवर आणि आऊटबोर्ड इंजिनाच्या पायावर बसवलेला जस्ताचा ठोकळा, ज्याला बंदरावरचे मेकॅनिक नुसते ‘झिंक’ म्हणतात, तो डेव्हींच्याच विचाराचा वारस आहे.

या ठोकळ्याचा हिशेब सोपा आहे. 1 किलो जस्त सुमारे 780 अँपिअर-तास इतका विद्युतप्रवाह पुरवते, म्हणजे 0.1 अँपिअरची अखंड मागणी असेल तर ते जवळपास 11 महिने टिकते. पण ही क्षमता शुद्धतेवर अवलंबून असते. सागरी वापराच्या जस्तात लोखंडाचे प्रमाण 0.005 टक्क्यांच्या आत ठेवावे लागते, कारण त्याहून जास्त झाले की जस्तावर घट्ट कवच चढते आणि ते झिजणेच थांबवते. त्यामुळे भंगारातले जस्त वितळवून ओतलेला ठोकळा वर्षभर नव्यासारखा दिसतो, आणि नव्यासारखा दिसणे हेच तो निकामी असल्याचे लक्षण असते. ठोकळ्याला रंग लावणे किंवा रंगावरच त्याचा बोल्ट आवळणे म्हणजे तो न बसवण्यासारखेच, कारण धातूला धातू टेकल्याशिवाय प्रवाह वाहत नाही. खाडीच्या गोड्या-खाऱ्या पाण्यात सतत उभ्या असणाऱ्या बोटींना जस्तापेक्षा इंडियम मिसळलेले ॲल्युमिनियम अधिक मानवते, कारण तेथे जस्तावर लवकर कवच धरते.

रंगाच्या बाबतीत एक बारकावा पुष्कळांना उलटा वाटतो. पोलाद झिजते म्हणून केवळ पोलादाला रंग द्यावा आणि ब्राँझ उघडे सोडावे, हा स्वाभाविक विचार धोक्याचा आहे. रंगाला एक ओरखडा पडला की मोठ्या उघड्या ब्राँझची सारी विद्युत-मागणी त्या इवल्या ओरखड्यावर येऊन पडते आणि तेथे पोलादाला खोल खड्डा पडतो. म्हणून रंग द्यायचा तर जो धातू झिजत नाही त्यालाही दिला पाहिजे.

इंजिनाच्या आतली गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. साध्या रचनेत समुद्राचेच पाणी इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवून ते थंड केले जाते. कॅल्शियम कार्बोनेट तापत्या पाण्यात मिठासारखे अधिक विरघळत नाही, उलट बाहेर पडते, त्यामुळे अरुंद वाटांत कवच साचते. अशी इंजिने मुद्दाम कमी तापमानावर चालवण्यामागे हेच कारण आहे. मोठ्या डिझेल इंजिनांत गोडे पाणी आणि गंजरोधक द्रव यांचे मिश्रण बंद वाटेने फिरते आणि त्याची उष्णता तांबे-निकेलच्या नळ्यांतून समुद्रजलाला दिली जाते. या उष्णता-विनिमयकात पेन्सिलीएवढी जस्ताची कांडी स्क्रूने बसवलेली असते. ती अर्धी झिजली की बदलायची असते, आणि तळावरचा मोठा ठोकळा तिचे काम करू शकत नाही, कारण संरक्षक प्रवाह अरुंद नळ्यांत दूरवर शिरत नाही.

एवढी व्यवस्था असूनही इंजिने जातात, आणि बरेचदा ती समुद्रात नव्हे, किनाऱ्याला लागल्यावर जातात. पाणी वाहते असताना क्षार साचत नाहीत. इंजिन थांबले की पोकळ्यांत अडकलेले पाणी सुकते आणि मीठ मागे राहते. ॲल्युमिनियमवर मुळात ऑक्साइडचा पातळ पडदा असतो, तो क्लोराइड आयन एखाद्या दुबळ्या जागी भेदतात, आणि तेथे सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. त्या छिद्रात विरघळलेल्या धातूमुळे आम्ल तयार होते, आम्लाकडे आणखी क्लोराइड ओढले जाते, आणि छिद्र रुंद न होता खोल होत जाते. बाहेर फक्त पांढऱ्या भुकटीचा एक ठिपका दिसतो. आवरण पुसून कोरडे केले म्हणूनही भागत नाही. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्के झाली की ओलावा शोषून पाझरते, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच. कोकणच्या हवेत त्यामुळे इंजिनावरचे मीठ खऱ्या अर्थाने कधी सुकतच नाही.

म्हणून फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. तो अर्धवट केला तर मात्र फुकट जातो. आऊटबोर्ड इंजिन सौम्य गतीने 10 ते 15 मिनिटे चालू ठेवावे लागते, कारण इंजिन गरम झाल्यावरच थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप, उघडते आणि मगच गोडे पाणी तिच्या मागच्या पोकळ्यांपर्यंत पोहोचते.

सर्वांत मोठी कसोटी पावसाळ्याची. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून मासेमारी बंद होते आणि होड्या ओढून, शाकारून ठेवल्या जातात. वर्षभर चालणारे इंजिन सर्वांत दमट दिवसांत निश्चल पडते. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले असतात, म्हणून तेल बंदीपूर्वीच बदलावे, सिलिंडरमध्ये तेलाचा हात फिरवावा आणि डिझेलची टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही.

पाण्याखालची पितळी झडप पाहता येते तीही याच काळात. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि मूळ आकाराचाच सच्छिद्र तांब्याचा सापळा उरतो, त्यामुळे बाहेरून काही बिघडलेले दिसत नाही. सुरीच्या टोकाने पृष्ठभाग खरवडला असता पिवळा धातू दिसला तर झडप धड आहे. तांबूस आणि ठिसूळ दिसला तर बोट पाण्यात ढकलण्यापूर्वी ती काढून तेथे ब्राँझची बसवावी लागते.