वणवा आणि वाहून जाणारी माती

वसंत ऋतूत व्याख्यानमाला भरतात आणि त्याच दिवसांत आपल्या भोवतालच्या डोंगरांना वणवे लागतात. संध्याकाळी सभेहून परतताना दूरच्या डोंगरावर तांबूस, नागमोडी रेघ दिसते. शहरातील माणूस क्षणभर थांबतो, "काय शोभा आहे!" असेही कोणी म्हणून जातो, आणि सारे घरी जातात. पुढे मृग लागला की नदीला गढूळ लोंढा येतो. तोही आपण पुलावर उभे राहून पाहतो. या दोन दृश्यांमध्ये दोन-अडीच महिन्यांचे अंतर पडते, म्हणून त्यांचे नाते सहसा ध्यानात येत नाही.

आधी आग लागते कशी ते पाहू. विजेने पेटणारी अरण्ये इतर देशांत पुष्कळ आहेत. आपल्याकडे वीज बहुधा वळवाचा पाऊस बरोबर घेऊनच येते. त्यामुळे आपला वणवा जवळजवळ नेहमीच माणसाच्या हातून लागलेला असतो. विदर्भात मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात; तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपे पेटवितात. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना ठिणगी बांधापलीकडे जाते. आणि घाटमाथ्यावर तर 'जाळले की गवत चांगले येते' ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

ही समजूत अगदीच निराधार नाही, आणि म्हणूनच ती टिकली. राखेतले क्षार मिळाल्यामुळे जळालेल्या जागी पहिले कोंब हिरवेगार दिसतात. पण त्याच आगीत नत्र आणि सेंद्रिय द्रव्य धुरावाटे निघून गेलेले असते. शिवाय दरवर्षीची आग आणि मोकाट चराई या दोहोंपुढे मारवेल, पवन्या अशी गुरांना मानवणारी गवते हळूहळू मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळीची करामत पाहण्यासारखी आहे. तिच्या बीला पीळ असलेले लांब कुसळ असते. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की हा पीळ फिरतो आणि बी गिरमिटासारखे मातीत शिरते. आग वरून निघून जाते, बी खाली सुखरूप राहते. म्हणजे चांगल्या गवतासाठी लावलेली आग शेवटी ढोरांच्या तोंडाला टोचणारे गवत वाढवून ठेवते!

आता माती. उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब हातोडीसारखा आदळतो. मातीची ढेकळे फुटतात, त्यांतले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवून टाकतात, आणि मग पाणी मुरण्याऐवजी उताराने धावू लागते. गवताचे पाते थेंबाचा मार आपल्या अंगावर घेते, त्याचे बुडखे पाण्याची धाव मोडतात, मुळे माती धरून ठेवतात. वणव्याने डोंगर उघडा होतो तो पावसाच्या तोंडावर. सर्वांत जोराच्या सरी झेलायच्या वेळीच अंगावर वस्त्र नसते. धरणात जो गाळ साचतो त्यातला बराचसा असाच डोंगरउतारांवरून आणि शेतांतून आलेला असतो, आणि शहराच्या नळाला येणारे पाणी त्याच धरणातले असते.

यावर सलग समतल चर हा चांगला उपाय आहे. डोंगरउतारावर सारख्या उंचीची रेषा आखून तिच्यावर चर खणतात आणि निघालेली माती उताराच्या बाजूला टाकतात. २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने शेकडो गावांनी एप्रिल-मेच्या उन्हात श्रमदानाने अशी कामे केली. पण चर ही भांड्यासारखी वस्तू आहे, भरली की संपली. वरचा उतार जळून उघडा पडत असेल तर चर थोड्याच वर्षांत गाळाने बुजतो. चर खणण्याचा उत्साह आपल्याकडे पुष्कळ दिसतो, गवत राखण्याचा त्या मानाने फार कमी; उद्घाटनाला नारळ फोडावा असे गवतात काही नसते ना!

मग राखायचे कोणी? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला. त्याच कायद्याने असेही सांगितले की, ज्यांना वनात चराईचा वा वनोपजाचा हक्क आहे त्यांनी आग विझविण्यास मदत केलीच पाहिजे. कल्पना रास्त होती. मात्र हक्क आटत गेले आणि कर्तव्य कागदावर उरले. ज्या डोंगरातून आपल्याला काडी आणता येत नाही, तो जळताना रात्री अंथरूण सोडून कोण धावेल?

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने या प्रश्नाचे उत्तर व्यवहाराने दिले. तेथे पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. डोंगर बोडके आणि माणसे मजुरीसाठी परगावी जाणारी. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, चर व बांध घातले. यातली किल्ली अशी की, गुरे डोंगरावर सोडायची नाहीत, पण विळ्याने कापून गवत घरी आणायला मुभा. चारा वाढला, दूध वाढले. कापून नेलेले गवत पेटत नाही. आणि राहिलेले पेटले तर ते आपल्याच गोठ्याचे नुकसान, हे प्रत्येकाला कळते.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याने ग्रामसभेला वन राखण्याचा अधिकारही दिला आहे. १९२७ च्या कायद्यातले कर्तव्य येथे हक्काच्या सोबत परत आले. आज उपग्रह आकाशातून आग टिपतो आणि वनखात्याला संदेश पोचतो, ही मोठीच सोय आहे. पण ओल्या डहाळीने आग झोडपायला माणूस जवळच्याच गावचा लागतो.

आपल्या शहराच्या टेकड्यांची गत काय? पूर्वी गवळी आणि धनगर तेथे गुरे, मेंढ्या चारीत, गवत कापून नेत. आता ते गेले. गवत कमरेइतके वाढून वाळते आणि एक विडीचे थोटूक पुरते. टेकडीवर रोपे लावणाऱ्या मंडळांनी पहिले काम फेब्रुवारीच्या आत करावे. रोपांभोवतीचे आणि पायवाटेच्या दोन्ही अंगांचे वाळके गवत कापून मोकळा पट्टा ठेवावा, म्हणजे आग तेथे येऊन अडते. कापलेले गवत न्यायला जवळच्या गोठ्यातून कोणी येईल का, हे मात्र आधी विचारून ठेवावे. नाहीतर गवताचा ढीग टेकडीवरच पडून राहतो आणि पहिली ठिणगी त्याच्यावरच पडते.