बोटं दोन, टक्के किती?

आमच्या विंगमधल्या एका मित्राचे काका डोंबिवली एमआयडीसीत पॉवर प्रेसवर कामाला होते. सहा-सात माणसांचं छोटं वर्कशॉप. २०२४ साली उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट प्रेसमध्ये गेलं. मालकाने हॉस्पिटलचं बिल भरलं आणि वर सांगितलं, "अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली आहे, भरपाई बसत नाही." काकांनी मान डोलावली. मित्राने मेसमध्ये हे सांगितलं, तेव्हा आमच्यापैकी एकालाही कळलं नाही की ही चक्क थाप आहे. मित्रांनो, उद्या आपणही अशाच शेडमध्ये उभे राहणार, कोणी ट्रेनी म्हणून, कोणी साहेब म्हणून. म्हणून हा लेखप्रपंच.

४० टक्क्यांची अट खरी आहे, पण ती वेगळ्या कायद्यातली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणासारख्या सवलतींसाठी ती लागते. कामावरच्या अपघातात कायमची इजा झाली, तर भरपाईसाठी अशी किमान टक्केवारी नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात अट होती ती तीन दिवसांची. इजेमुळे आलेली अक्षमता तीन दिवसांपेक्षा जास्त टिकली पाहिजे, एवढंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण इजांच्या तक्त्याची पद्धत तिथेही तीच आहे.

हा तक्ता काय म्हणतो? अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७. काकांच्या दोन बोटांची बेरीज २६ होते, पण एका हाताच्या दोन बोटांची नोंद वेगळी आहे, ती २० टक्के. तक्त्यातली इजा असली की कमाई घटल्याचं वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

आता आपल्या आवडीचं, म्हणजे गणित. काकांचं वय ४०, पगार सोळा हजार. २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशोबात पगार धरायचा तो जास्तीत जास्त १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. वय ४० चा गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. ही झाली पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. तिचे २० टक्के म्हणजे ३,३१,५०६ रुपये. "काही बसत नाही" म्हणणाऱ्याने एवढे पैसे वाचवले होते!

मग कोर्टात भांडण कशावरून होतं? शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नसतात, यावरून. मणक्याला मार बसला, खांदा आखडला, तर ते तक्त्यात सापडत नाही. तिथे कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. डॉक्टर "उजवा हात २५ टक्के" लिहितो. मालकाचा वकील म्हणतो, सगळ्या शरीराचे धरा, म्हणजे आकडा अजून खाली येतो. कामगार म्हणतो, हातावरच पोट होतं, मग माझं किती गेलं?

१९७५ साली सुप्रीम कोर्टापुढे एका सुताराची केस आली. डावा हात कोपराच्या वरून कापलेला. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. कोर्टाने मानलं नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून १०० टक्के. पुढे २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका निकालात कोर्टाने हेच उलगडून सांगितलं: हात गेल्यावर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. तेव्हा इजा झालेला माणूस काय काम करत होता, हा प्रश्न पहिला.

आणखी एक. २०१६ च्या निकालाप्रमाणे, टक्केवारीसारख्या वस्तुस्थितीच्या मुद्द्यावर भरपाई आयुक्ताचाच शब्द शेवटचा. हायकोर्टात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो. म्हणजे जो कागद पहिल्यांदा दाखल होतो, त्यावरच सगळं उभं राहतं. डॉक्टरकडे जाताना "बोट गेलं" एवढंच सांगू नका. कुठलं मशीन, कुठला हात, आता काय पकडता येत नाही, हे लिहून घ्या. पगाराची स्लिप, हजेरी, अपघाताची तारीख जपा. कोऱ्या कागदावर सही नको. ईएसआय लागू असेल तर रस्ता वेगळा. तिथे टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं आणि त्यावर अपील करता येतं. आपल्यापैकी जे अप्रेंटिस होतील त्यांनाही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने मालकाकडून भरपाईचा हक्क दिला आहे. कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, हेही विसरू नका.

काकांनी मुदत संपायच्या आत ठाण्याला जाऊन अर्ज दिला. मालक आता म्हणतो, "वॉचमनचं काम करू शकतो की!" करू शकतात. पण वीस वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाने टॉर्च घेऊन बसायचं, यातला फरक किती टक्के, तेच आता ठरायचं आहे.