पाणी कुठवर आटवायचं?

समुद्राचं पाणी आटवलं की मीठ मिळतं, असं आपण शाळेत शिकतो. पुस्तकात बशीचं चित्र असतं, खाली दिवा, बशीत पांढरा थर. उत्तराला पूर्ण गुणही मिळतात. पण तो थर ज्याने चाखून पाहिला आहे, त्याला ठाऊक असतं की असलं मीठ आमटीत घालायच्या लायकीचं नसतं. खारटपणामागून कडवट चव येते आणि ती जिभेवर रेंगाळते. पावसाळी हवेत ठेवलं तर बघता बघता त्याचा लगदा होतो. मिठागरातही पाणीच आटवतात, पण ते कुठवर आटवायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, यात तिथली सगळी हुशारी आहे. माझं निम्मं आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, आणि त्यातला सर्वांत आवडता धडा कुठला असं कुणी विचारलं तर मी प्रयोगशाळेचं नाव घेत नाही, उरण-करंजाचं घेतो.

करंजा उरणच्या दक्षिण टोकाला आहे. पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर, समोर धरमतरची खाडी, खाडीपलीकडे रेवस. पूर्वी पनवेलहून एसटीने हाडं खिळखिळी करून घेत जावं लागे. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. खिडकीतून कांदळवन, मग कंटेनरच्या भिंती, मग पुन्हा कांदळवन दिसतं. मधे कुठे चौकोनी बांध घातलेली, पाणी साचलेली उथळ जमीन दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. उरण आणि पनवेलच्या खाड्यांना लागून एकेकाळी अशी आगरं पसरलेली होती. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, नवी मुंबई वाढत गेली, आणि आता आगर शोधायला वाट वाकडी करावी लागते.

संपादकांना पायाभूत माहिती हवी असते म्हणून ती उरकून टाकतो. जागा व्यापतं आणि ज्याला वस्तुमान असतं ते द्रव्य. एकाच प्रकारच्या अणूंचं बनलेलं ते मूलद्रव्य, उदाहरणार्थ सोडियम किंवा क्लोरीन. मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधाने जोडली गेली की संयुग, उदाहरणार्थ मीठ. आणि कसलंही प्रमाण न पाळता, आपापले गुण न सोडता एकत्र नांदतात ते मिश्रण, उदाहरणार्थ समुद्राचं पाणी. गुण टिकून असतात म्हणूनच मिश्रणातले घटक वेगळे करता येतात. कुणी लवकर विरघळतो, कुणी लवकर उकळतो, कुणी जड असतो, कुणी लोहचुंबकाला चिकटतो. गाळणं, पाखडणं, निवळणं, आटवणं, ऊर्ध्वपातन ही सगळी त्या फरकांचा फायदा घेण्याची तंत्रं. झालं. आता आगराकडे वळू.

भर समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं खायचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड २७ ग्रॅमच्या आसपास. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि इतर किरकोळ मंडळी. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. त्यातल्या ७७ नमुन्यांचं विश्लेषण विल्यम डिटमारने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलं. पाणी कमी खारट असो वा जास्त, प्रमुख क्षारांचं आपसांतलं प्रमाण मात्र जवळजवळ सगळीकडे तेच, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे अटलांटिकमध्ये जो हिशेब, तोच करंजाच्या धक्क्यावर. पातळगंगा आणि अंबा या नद्या धरमतरच्या खाडीत गोडं पाणी आणून सोडतात, त्यामुळे पावसाळ्यात इथलं पाणी पातळ होतं. म्हणूनच आगराचा हंगाम पावसानंतरच्या डागडुजीने सुरू होतो आणि खरं मीठ जानेवारीपासून मेअखेरपर्यंत पिकतं.

उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचं पाणी आत घेतात. भांगाच्या दिवसांत तेवढं पाणी चढत नाही, म्हणून आगराचं पंचांग चंद्रावर चालतं. पाणी आधी साठवणीत, तिथून तापवणीत, आणि बऱ्याच दिवसांनी शेवटच्या लहान लहान कोंड्यांमध्ये येतं. कोंडीचा तळ पायांनी तुडवून इतका घट्ट केलेला असतो की चालताना सिमेंटवर चालल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा आगर पाहिलं तेव्हा हे सगळं नुसतं पाणी पसरवायला केलं असावं असं कुणालाही वाटेल. एकाच मोठ्या तळ्यात का नाही आटवत? याचं उत्तर बांधावर बसलेल्या एका वृद्ध आगऱ्याने मला एका वाक्यात दिलं होतं. ‘सगला पानी एका जागी आटवाचा नाय, मीठ करू व्हतं.’ त्या ‘करू’मध्ये, म्हणजे कडूमध्ये, एक अख्खं शास्त्र आहे.

ते शास्त्र कागदावर उतरवलं उझिग्लिओने. १८४९ मध्ये त्याने भूमध्य समुद्राचं पाणी सावकाश आटवत नेलं आणि कुठल्या टप्प्यावर कोण बाहेर पडतं याची नोंद ठेवली. पाणी निम्म्यावर आलं की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, तळाला बसू लागते. एक पंचमांशावर आलं की जिप्सम. एक दशांशावर आलं की मीठ. आणि मीठ बरंचसं पडून गेल्यावर शेवटच्या चूळभर पाण्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार अडून बसलेले असतात. पंगतीतून माणसं उठावीत तसे हे क्षार आपापला क्रम धरून उठतात, आणि कोण कधी उठणार हे प्रत्येकाच्या विद्राव्यतेवर ठरतं.

आता तापवणी वेगळी आणि कोंडी वेगळी का, हे उलगडतं. तापवणीत चुनखडी आणि जिप्समचा मोठा भाग खाली राहतो. वरचं पाणी हलकेच कोंडीत घेतलं की त्याच्याबरोबर कॅल्शियमचा त्रास येत नाही. अंत्वान बोमे नावाच्या फ्रेंच औषधनिर्मात्याने १७६८ मध्ये द्रवाची घनता मोजायची तरंगती काचनळी काढली. तिच्या मापाने समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंशांवर असतं, मीठ पडायला लागतं पंचवीसच्या पुढे, आणि एकोणतीस-तीसला थांबायचं. जुनी माणसं नळीशिवायही पाण्याच्या अंगावरून सांगतात. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा मंदावतात, पाणी तेलासारखं जड हलतं. कधी त्याला लालसर झाकही येते. ती ‘ड्युनालिएला सलायना’ या शैवालाची आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची करामत. लाल पाणी ऊन अधिक शोषतं, त्यामुळे आटणं आणखी वेगाने होतं.

जिप्सम म्हटलं की मला करंजाहून पेण आठवतं. धरमतरच्या खाडीच्या वरच्या अंगाचं हे गाव, गणपतीच्या मूर्तींसाठी सगळीकडे प्रसिद्ध. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच, दीडशे अंशांच्या आसपास तापवून त्यातलं तीन चतुर्थांश पाणी घालवलेलं. पुन्हा पाणी मिळालं की ते घट्ट होतं, म्हणून साच्यात ओतता येतं. देशातलं बहुतेक जिप्सम राजस्थानातून येतं, आणि तेही फार पूर्वी आटलेल्या पाण्यातून असंच खाली बसलेलं आहे. तापवणीच्या तळाशी जे नको म्हणून राहतं, त्याच पदार्थाचा बाप्पा होतो. शाडू की प्लास्टर या वादात मी शाडूच्या बाजूचा आहे, कारण जिप्सम पाण्यात फार थोडं विरघळतं आणि विसर्जनानंतर तळाशी पडून राहतं. मीठ पिकवणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक आहे.

पण माझा खरा जीव अडकला आहे तो मीठ ओढून काढल्यावर कोंडीत उरणाऱ्या कडवट पाण्यात. ते काढून टाकावं लागतं. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि पावसाळ्यात बरणीतलं जाडं मीठ पाझरतं त्यात त्याचा हात मोठा. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली तरच पाणी ओढायला लागतं, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. आपल्याकडे आषाढात दोन्ही हद्दी ओलांडल्या जातात, म्हणून कोकणात मिठाच्या बरणीला दोष देऊन उपयोग नसतो. पण वैशाखात जे मीठ ओलं होतं, त्याच्या आगरात कोणीतरी थांबायला उशीर केला असं खुशाल समजावं.

याच उष्ट्या पाण्यातून एक मूलद्रव्य सापडलं आहे. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे बलार नावाचा तिशीच्याही आतला तरुण मिठागरातल्या अशा पाण्यावर काम करत होता. त्यात क्लोरीन सोडल्यावर ते पिवळट-तांबडं झालं आणि त्यातून एक उग्र वासाचा तांबूस द्रव वेगळा निघाला. १८२६ मध्ये त्याने तो जाहीर केला. ते ब्रोमीन. इतरांनी ओतून दिलेल्या पाण्याकडे दुसऱ्यांदा बघण्याची ही सवय मला कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा मोलाची वाटते. जपानात याच कडवट पाण्याला नीगारी म्हणतात आणि त्याने सोयाचं दूध फाडून टोफू करतात. भावनगरला केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्था १९५४ पासून आहे, आणि मिठानंतर उरलेल्या या पाण्यातून पोटॅशियम, मॅग्नेशियम कसं काढायचं हा तिथला जुना अभ्यासविषय आहे.

इथे एक राजकीय आगाऊपणा करतो. ६ एप्रिल १९३० ला दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला, मग मुंबईच्या चौपाटीवर कढया चढल्या, आणि मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर तेव्हा त्याच शिरोड्यात शिक्षक होते. कढईत पार कोरडं होईपर्यंत आटवलेलं ते मीठ रसायनाच्या नजरेने अशुद्धच असणार. सरकारचा महसूल बुडवायला मात्र शुद्धतेची अट नव्हती.

चुलीवर आटवणं एरवीही आतबट्ट्याचं. एक किलो मिठासाठी सदतीस लिटर समुद्रपाणी लागतं, आणि त्यातलं पस्तीस लिटर तरी हवेत घालवावं लागतं. एवढ्या बाष्पीभवनाची ऊर्जा विजेत मोजली तर सुमारे २४ युनिट होते. दहा रुपये युनिट धरलं तर एका किलोला दोनशे चाळीस रुपये फक्त तापवण्याचे. आगरात हे सगळं काम ऊन आणि खाडीवरचा वारा फुकट करतात. थंड करून मीठ काढता येईल का? सोऱ्याचं तसं करता येतं, कारण उकळत्या पाण्यात तो भरपूर विरघळतो आणि गार पाण्यात अगदी थोडा. मीठ मात्र १०० मिलिलिटर पाण्यात शून्य अंशाला ३६ ग्रॅम आणि उकळत्याला ३९. गार करून त्याला काही फरकच पडत नाही. त्याला बाहेर काढायचं तर पाणीच घालवावं लागतं.

शांत हवेत कोंडीच्या पृष्ठभागावर मिठाचे पोकळ, उलट्या पिरॅमिडसारखे स्फटिक तरंगताना दिसतात. कडा आधी वाढतात, मधला भाग मागे राहतो, म्हणून ते पोकळ. हातात घेतले की मोडतात. त्याच मिठाच्या आत क्ष-किरणांनी डोकावून लॉरेन्स ब्रॅगने १९१३ मध्ये दाखवलं की तिथे ‘मिठाचा रेणू’ असा काही नसतो. सोडियम आणि क्लोरीनचे आयन एकाआड एक, तिन्ही दिशांना. हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे एक वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञ १९२७ पर्यंत ‘नेचर’मध्ये यावर वैतागून लिहीत होते, बिचाऱ्या मिठाचा बुद्धिबळाचा पट केला म्हणून. मला आर्मस्ट्राँगबद्दल सहानुभूती आहे, पण चौकोनी स्फटिक बघितल्यावर ब्रॅगच्या बाजूने कौल द्यावाच लागतो.

मिठाइतकंच उरण एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होतं. आटवायचं मिठागरात, उडवून पुन्हा पकडायचं भट्टीत. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी शंभरला, त्या फरकावर भट्टी चालते. पण इथेही एक हद्द आहे. वजनाने ९५.६ टक्क्यांपुढे दोघं एकत्रच उकळतात आणि साध्या ऊर्ध्वपातनाने कितीही वेळा फिरवलं तरी उरलेलं पाणी निघत नाही. आज द्रोणागिरीच्या पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प हाच खेळ उलट्या टोकाला खेळतो. १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायचा वायू समुद्राखालच्या नळांतून इथे येतो, आणि तो प्रचंड थंड करून वेगळा करतात. मिथेन उणे १६१ अंशांना उकळतं, प्रोपेन उणे ४२ला, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. प्रोपेन आणि ब्युटेन मिळून आपला गॅस सिलिंडर. करंजाच्या ओट्यावर बोंबील खारवणाऱ्या बाईच्या चुलीवरचा गॅस आणि तिच्या हातातलं मीठ, दोन्ही मिश्रणातून वेगळे काढलेले. वेगळे करण्याचा मार्ग तेवढा निराळा.

घरी करून बघायचं असेल तर एप्रिलसारखा मुहूर्त नाही. दहा लिटर समुद्रपाणी कापडातून दोनदा गाळून घ्या आणि काळ्या रंगाच्या पसरट घमेल्यात गच्चीवर ठेवा. दोन-अडीच लिटर उरलं की तळाला पांढुरका राप दिसेल. तिथे वरचं पाणी दुसऱ्या घमेल्यात काढा, हीच तुमची तापवणी. लिटरभर उरलं की चौकोनी कण दिसू लागतील. तीनशे-चारशे मिलिलिटर उरलं की लोभ सोडायचा, पाणी ओतून घ्यायचं आणि मीठ निथळत ठेवायचं. दोनशे ग्रॅमच्या आसपास हाती लागेल. खाडीचं पाणी आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, तेव्हा हे मीठ पाहण्यासाठी, आमटीसाठी नाही. ओतून घेतलेलं कडवट पाणी बाटलीत भरून त्यावर चिठ्ठी लावा. आणि काहीही झालं तरी ते तुळशीला घालू नका.