अंगठा घेत नाही, म्हणजे नेमकं कोण घेत नाही?

"आजी, अंगठा घेत नाही. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." खर्ड्यात काय, जामखेडला काय, सेवा केंद्रात हे नेहमीच ऐकू येतं. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी वस्तीवरून आलेली बाई मुकाट्यानं परत फिरते. पुष्कळदा तिचा अंगठा सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो. काम अडलेलं असतं समोरच्याच कॉम्प्युटरमध्ये.

ब्राउझरमधलं पान अंगठ्याचं मशीन थेट वाचतं, हा पहिला गैरसमज. मशीनसाठी आरडी सर्व्हिस नावाचा वेगळा प्रोग्रॅम बसवलेला असतो आणि पान त्याच्याकडे निरोप धाडतं. पत्ता 127.0.0.1, पोर्ट 11100 ते 11120 यांपैकी एखादा. पान एकेक पोर्ट चाचपत 'कोणी आहे का?' विचारतं, सर्व्हिस आपली स्थिती कळवते: रेडी, नॉटरेडी किंवा यूज्ड. रेडी असेल तर 'कॅप्चर'चा निरोप जातो, मग बोट ठेवायचं, आणि उत्तर एक्सएमएल मजकुरात परत येतं.

127.0.0.1 हा कुठला बाहेरचा सर्व्हर नव्हे, कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता आहे. हे दोन प्रोग्रॅम आपसात बोलतात तेव्हा निरोप इंटरनेटवर जात नाही. नेट लागतं ते पुढे, ठसा आधारकडे पाठवताना.

म्हणून आधी एरर कोड वाचावा. 720 म्हणजे मशीन तयार नाही: यूएसबी केबल काढून पुन्हा लावा, विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये आरडी सर्व्हिस रीस्टार्ट करा. 700 म्हणजे ठरल्या वेळेत ठसा मिळाला नाही. खुरपणी-काढणीत जन्म गेलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. बोट पुसून घ्या, दुसरं बोट लावून पाहा, दहापैकी कुठलंही चालतं. एवढं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाचा हेलपाटा वाचतो.

दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये आपला अंगठा राहतो, ही भीतीही बरेच जण बोलून दाखवतात. आरडी सर्व्हिसकडून ब्राउझरला मिळणारा ठसा आधीच कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असतो. त्यावर वेळेची नोंद असते, आणि तो उघडायची किल्ली फक्त आधार प्राधिकरणाकडे असते. बँकेतून अंगठ्यावर पैसे काढून फसवणूक झाल्याची जी प्रकरणं गाजली, त्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवले होते. त्यावर उपाय म्हणजे एमआधार ॲपमधलं बायोमेट्रिक लॉक. ते लावलेलं असताना अंगठा दिला तर 330 हा कोड येतो, आणि तो मात्र खरोखरच आधारच्या सर्व्हरनं पाठवलेला असतो.