असई येथील नदीतीरचा तोफांचा मोर्चा

पराभूतांच्या शस्त्रांसही पराभवाचा दोष चिकटतो. असईच्या तोफांचें तसेंच झालें आहे. सांप्रतच्या जालना जिल्ह्यांत केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, शिंद्यांचा तोफखाना केळणेच्या तीरीं दक्षिणाभिमुख उभा होता. दोन्ही तीरांवरील समोरासमोरचीं गांवें पाहून वेलस्लीनें तेथें उतार असल्याचें ताडिलें व नदी ओलांडून तो डाव्या बगलेवर आला. तेव्हां सेनानायक पोलमन यानें सारी रांग फिरवून पूर्वाभिमुख केली. इंग्रजांचे १,५०० हून अधिक लोक ठार वा जखमी झाले. हातीं लागलेल्या पितळी तोफांची वेलस्लीनेंच वाखाणणी केली. तस्मात् तोफखान्यास उणें लेखणें आम्हांस मान्य नाहीं. संग्राहकांनीं आपल्या रुमालांतील तोफखान्याचे कागद अवश्य पाहावे.