मूकपटांतला गाव – लेखांक ६ : ‘सावकारी पाश’ आणि भीमथडीचा मुलूख

‘सावकारी पाश’ हा मूकपट कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली काढला. दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. सावकार शेतकऱ्याची जमीन घशात घालतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, असे त्याचे कथानक. पडद्यावर देवादिकांचे आणि ऐतिहासिक वीरांचे राज्य असताना पेंटरांनी कर्जात बुडालेले घर दाखवले.

अमेरिकी पडद्यावर याच काळात गुराखी आणि दरोडेखोर यांच्या मूकपटांची चलती होती. १९०३च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ने त्यांची वाट रुंद केली होती. त्या चित्रपटांत कायदा अजून न पोहोचलेल्या मुलखात माणसाला पिस्तुलाचे भय असते. ‘सावकारी पाशा’तल्या शेतकऱ्याला भय आहे ते कर्जाच्या कागदाचे.

या भयाचा इतिहास शिरूर आणि भीमथडी तालुक्यांत घडला. आजच्या दौंड आणि बारामतीचा मुलूख तेव्हा भीमथडीत मोडत असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाचे भाव चढले, तसे कर्जही सहज मिळू लागले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्यातच नव्या जमाबंदीने सारा वाढला. जुने कर्ज फेडायला नवे खत लिहून द्यावे लागे आणि वसुलीचा हुकूमनामा कोर्टातून निघे.

शिरूर तालुक्यातील कर्डे गावी १८७४ साली एका सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या हुकूमनाम्यावर एका देशमुखाचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खते हाती लागली की ती जाळत. माणसांना इजा झाल्याचे प्रसंग थोडे. सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह शिरूर तालुक्यातील धामारीवर दरोडा घातला. बंडासाठी पैसा उभारणे हा त्यांचा हेतू होता.

म्हणजे घोडदौड आणि दरोडे यांचा ऐवज इथेही होता. पेंटरांनी मात्र बंडाऐवजी त्यामागचे दुःख निवडले. अंधाऱ्या झोपडीजवळ रडणाऱ्या कुत्र्याचे त्यांचे दृश्य प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. संवाद नसताना घराची अवकळा प्रकाश आणि सावलीतून सांगणे, हे त्यांच्यातल्या चित्रकाराचे बळ होते.

१९३६ साली पेंटरांनी हीच कथा बोलपटात आणली. मूळ मूकपट आज उपलब्ध नाही. जमीन गमावून शहर गाठणारा शेतकरी पुढे १९५३च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये पुन्हा दिसला. मराठी पडद्यावर त्याची पहिली ठळक ओळख ‘सावकारी पाशा’ने करून दिली होती.