हिरवा दिवा आणि राजाची दुर्बीण : अप्राप्य स्वप्नाची दोन प्रतीके

प्रास्ताविक : अप्राप्याची ओढ हे कादंबरीचे एक महत्त्वाचे आशयसूत्र आहे. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) या अमेरिकन कादंबरीत आणि अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' (२०००) या रत्नागिरीशी निगडित कादंबरीत ते पाण्याकाठच्या प्रतीकांतून व्यक्त होते. या प्रतीकांतील साम्यभेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिरवा दिवा : गॅट्सबी रात्री पाण्यापलीकडील, डेझीच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहत असतो. दिवा दिसतो, दिशा निश्चित असते, अंतरही अल्प असते. परंतु त्याला केवळ डेझी नको आहे. पाच वर्षांपूर्वीचा काळ जसाच्या तसा हवा आहे. म्हणूनच डेझी प्रत्यक्ष भेटताच तो दिवा पुन्हा धक्क्यावरचा साधा दिवा होतो.

राजाची दुर्बीण : ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि १८८६ पासून १९१६ मधील मृत्यूपर्यंत रत्नागिरीत बंदिवासात राहिला. घोष यांच्या कादंबरीत तो टेकडीवरील बंगल्यातून दुर्बिणीने समुद्र न्याहाळतो. होड्यांवर नजर ठेवणारा हा राजा गावाला आपला रक्षक वाटू लागतो. येथे भूगोल अर्थपूर्ण ठरतो. रत्नागिरीचा समुद्र पश्चिमेस, तर मंडाले पूर्वेस आहे. राजा मायदेशाकडे पाठ करूनच पाहत असतो. गॅट्सबीच्या नजरेला लक्ष्य आहे. राजाजवळ केवळ पाहणे उरले आहे.

राजकुमार : याच कादंबरीतील राजकुमार मंडालेच्या राजवाड्याच्या लुटीत, बालवयात पाहिलेल्या डॉलीची आठवण जपतो. सागवानाच्या व्यापारात धन मिळवून तो रत्नागिरीस येतो आणि तिच्याशी विवाह करतो. परिस्थिती गॅट्सबीसारखी असूनही फलित निराळे आहे. कारण तो गेलेला काळ परत मागत नाही, डॉलीपुढे नवे आयुष्य ठेवतो.

निष्कर्ष : स्वप्न दूर असल्यामुळे अप्राप्य ठरत नाही, ते गतकाळात असल्यामुळे अप्राप्य ठरते. मात्र गॅट्सबीला काळाने अडवले, तर थिबाला आधी साम्राज्यसत्तेने आणि मग काळाने. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, पण ती रंगूनला. मंडालेचे सिंहासन उरलेच नव्हते. रत्नागिरीत १९१० मध्ये पूर्ण झालेला थिबा राजवाडा पाहताना हा भेद ध्यानात ठेवावा. सत्तेने राजाला वाडा दिला. परतीची वाट दिली नाही.